गिटारची जवारी

माझा भाचा गिटार वाजवतो. किनवट, माहूर, हिमायतनगर, कधी सीमेपलीकडे आदिलाबाद, अशा भागात लग्नाच्या, उरुसाच्या, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांना तो एका ऑर्केस्ट्राबरोबर जातो. दोन वर्षांपूर्वी एका रात्री कार्यक्रमाहून परतला तो सरळ माझ्याकडे आला. गिटार पिशवीतच होती. म्हणाला, "मामू, ही विकून टाकतो. मालक म्हणतात, गिटारवाला ऐकूच येत नाही. कीबोर्डवर गिटारचं बटण आहे, ते दाबलं की भागतं."

मी कवी माणूस. मुशायऱ्यात माईक तोंडापासून किती लांब धरायचा, एवढेच आवाजाचे शास्त्र मला येते. सहज बोलून गेलो, "अरे, मग आवाज वाढव की."

"वाढवतो ना मामू. पण वाढवला की तो दाट होतो, मोठा होत नाही."

हे वाक्य मला काही कळले नाही. पुढचे चार-सहा दिवस मी त्याच्या खोलीत बसून, त्याला नको नको ते प्रश्न विचारून जे समजून घेतले, ते आज तुम्हांला सांगतो.

विजेच्या गिटारीचा आवाज लाकडाच्या पोकळीत घुमून येत नाही. तारांच्या खाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे. याला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार थरथरली की या वेढ्यांत अगदी क्षीण वीज उमटते. ती अँप्लिफायरकडे जाते, मोठी होते आणि स्पीकरमधून बाहेर पडते. उरुसात कव्वालीला बटणांचा बेंजो वाजतो ना, ज्याला आपण बुलबुलतरंगही म्हणतो, त्यालाही असाच पिकअप बसवतात. तेव्हा ही काही फार परकी गोष्ट नव्हे.

आता या विजेची लहर कागदावर काढली तर एकामागून एक टेकड्या आणि दऱ्या दिसतील. अँप्लिफायर त्या टेकड्या उंच करतो. पण प्रत्येक यंत्राला एक छत असते. टेकडी छताला टेकली की तिचा माथा कापला जातो. कापलेल्या माथ्याला कडा येतात आणि त्या कडा कानाला खरखर म्हणून ऐकू येतात. गल्लीतल्या भोंग्याच्या माईकला तोंड लावून कोणी ओरडले की शब्द फाटतात, ते यामुळेच. गिटारवाल्यांनी मात्र हा दोष जाणूनबुजून जवळ केला.

त्याची सुरुवात एका बिघाडातून झाली. अमेरिकेत नॅशव्हिल इथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या, १९६१ साली गाजलेल्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू होते. यंत्रातला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन या वादकाची गिटार घोगरी, फाटकी अशी उमटली. ती तशीच ठेवली गेली, आणि लोकांना आवडली. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने मग मुद्दाम आवाज फाडणारी पेटी तयार केली. ती १९६२ मध्ये 'फझटोन' नावाने बाजारात आली. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्याने तो आवाज जगभर पोचवला.

ओव्हरड्राइव्ह हा त्याच घराण्यातला, पण सौम्य प्रकृतीचा भाऊ. फझ टेकडीचा माथा करवतीने कापते. ओव्हरड्राइव्ह तो कानशीने घासून गोल करते. पायाने दाबायची ही लहानशी पेटी, म्हणजे पेडल. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या आयबानेझ कंपनीची 'ट्यूब स्क्रीमर' नावाची हिरवी पेडल आली आणि अजून तिच्या नकला निघतात. भाच्याकडे अशीच एक स्वस्तातली नक्कल आहे. तिला तीन खुंट्या: एक किती घासायचे ते ठरवते, दुसरी आवाजाचा उजळपणा, तिसरी बाहेर किती सोडायचे ते.

मला प्रश्न पडला, चांगल्या सुरेल तारेला ही खरखर कशाला हवी? उत्तर मिळाले ते आपल्याच तंबोऱ्यात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात. तार घोडीच्या पसरट पाठीला किंचित घासत राहते, आणि तो झंकार उठतो, ज्याला आपण जवारी म्हणतो. दोरा काढून तंबोरा छेडून पाहा, बिचारा मुका वाटतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. तार जिथे छेडावी तिथल्या नियमाने जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही आपल्या तंबोऱ्यात आणि वीणेत उमटतात, आणि याचे कारण ती घोडी, हे त्यांनी दाखवले. मिरजेच्या ज्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या कारागिरांच्या कानात हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. घोडी घासून जवारी काढणारा हात आणि ओव्हरड्राइव्हची खुंटी फिरवणारा हात एकच काम करतात: मूळ स्वराला उपस्वरांची सोबत देतात. मार्ग अर्थात वेगळा, एकीकडे हाड आणि सूत, दुसरीकडे डायोड.

मग बूस्ट म्हणजे काय? बूस्टची पेडल साधी असते, बहुधा एकच खुंटी. ती काही घासत नाही, फक्त येणारी वीज मोठी करते. टेकडी दुप्पट उंच केली तर हिशेबात ती वाढ ६ डेसिबल होते.

भाच्याकडे या दोन्ही पेडल होत्या. पण त्याने गिटारची वायर आधी बूस्टमध्ये घातली होती आणि तिथून ओव्हरड्राइव्हमध्ये. खरी गोम इथे होती. बूस्ट टेकडी उंच करून पाठवतो. पुढे ओव्हरड्राइव्हचे छत बसलेलेच आहे. उंची वाढली तेवढी छाटली गेली. आवाज दाट झाला, स्वर लांब टिकू लागला, पण बाहेर पडताना जवळजवळ तेवढाच. वर वायरीतली घूं घूंही उंच होऊन आली. "दाट होतो, मोठा होत नाही" म्हणजे हेच.

हा क्रम चुकीचा आहे असे मात्र कोणी समजू नये. क्वीन या बँडचा गिटारवादक ब्रायन मे आयुष्यभर असाच वाजवत आला आहे. त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फर्रुख बलसारा. मेने वडिलांबरोबर घरीच गिटार बनवली, तिच्यासाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. त्या गिटारीची वीज तो बूस्टमधून जोरात अँप्लिफायरवर सोडतो, इतकी की अँप्लिफायर स्वतःच ओव्हरड्राइव्ह होतो. गोड हवे तेव्हा गिटारवरची आवाजाची खुंटी तो जरा मागे घेतो. त्याला हवा असतो तो दाटपणा, आणि तो तिथे शोभतो.

भाच्याची गरज वेगळी होती. दोन अंतऱ्यांच्या मधल्या आठ-दहा सेकंदांच्या तुकड्यात त्याला सगळ्यांच्या पुढे यायचे होते. आम्ही वायरी बदलल्या. आधी ओव्हरड्राइव्ह, नंतर बूस्ट. घासणे झाल्यावर मोठे करणे. रंग तोच राहिला आणि आवाज पुढे आला. शेरातही शब्द तेच ठेवून जागा बदलली की अर्थ पालटतो, हे मी त्याला सांगितले. त्याने ऐकल्यासारखे केले.

तरी एवढ्याने भागत नाही. पुढचा अँप्लिफायर आधीच ताणलेला असेल तर नंतरचा बूस्टही तिथल्या छताला आपटतो. म्हणून अँप्लिफायर मध्यम ठेवला. त्याच्यासमोर माईक लावला. आधी तो पेडल थेट मिक्सरमध्ये घालत असे, त्यामुळे आवाज माशीसारखा गुणगुणायचा. साऊंडवाल्याला विनंती केली की चाचणी बूस्ट चालू ठेवून घे, नाहीतर ऐन वेळी मिक्सर फाटतो. ओव्हरड्राइव्हची घासायची खुंटीही निम्म्यावर आणली. खोलीत एकट्याने वाजवताना जी खरखर भरघोस वाटते, ती ढोलक आणि कीबोर्डच्या गर्दीत चिखल होते. ही हिरवी पेडल खर्ज थोडा काढून मधला पट्टा पुढे करते, आणि माणसाच्या कानाला त्या पट्ट्यातले चटकन ऐकू येते. खर्ज बासला सोडून द्यावा.

महिन्याभराने तालुक्यातल्या एका लग्नात मी मुद्दाम साऊंडवाल्याशेजारी जाऊन बसलो. कोणीतरी 'दम मारो दम'ची फर्माईश केली. १९७१ साली 'हरे रामा हरे कृष्णा'त हे गाणे आले, तेव्हा राहुलदेव बर्मन यांच्यासाठी त्यात गिटार वाजवणारे होते भूपिंदर सिंग. ज्यांच्या गझला ऐकत आम्ही लिहायला शिकलो, ते हेच भूपिंदर. २०२२ मध्ये ते गेले. भाच्याला हे मी वाटेतच सांगून ठेवले होते.

सुरुवातीचा तुकडा आला. त्याने चपलेच्या टोकाने बूस्ट दाबला. मागच्या रांगेत जेवायला बसलेली दोन-तीन माणसे घास हातात धरून स्टेजकडे बघू लागली.

मालक काही बोलले नाहीत. कीबोर्डवाल्याने मात्र त्या रात्री गिटारचे ते बटण दाबले नाही. आता भाच्याला दुसरा अडॅप्टर हवा आहे. एकाच अडॅप्टरवर दोन्ही पेडल चालवल्या की बारीक घूं घूं येते, म्हणतो. नांदेडला गेलो की आणीन.