‘कोणास’ हा रकाना

सव्वीस वर्षं मी सरकारी कचेरीत काढली, त्यातली अकरा आवक-जावक टेबलावर. त्या टेबलाला मान नसतो. साहेब तिकडे फिरकत नाहीत आणि येणारा माणूस तुम्हाला ओलांडून आतल्या खोलीकडे बघतो. पण गहाळ झालेला कागद शेवटी तिथेच सापडतो. निदान कुठे हरवला ते तरी तिथे कळतं. जावक क्रमांक, तारीख, कोणास, विषय. बाकी काही चुकलं तर खाडाखोड करता येते, ‘कोणास’ चुकवायचं नाही, असं हेडक्लार्कनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

म्हणूनच बहुधा २०१५ च्या जानेवारीतली ती बातमी माझ्या डोक्यातून गेली नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात ग्रेट बेसिन नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे पुरातत्त्वाचं काम पाहणाऱ्या ईवा जेन्सन यांना आदल्या नोव्हेंबरात एका जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली रायफल दिसली. लाकूड उन्हापावसानं करडं पडून चिरलेलं, नळी गंजलेली, दस्त्याचं टोक चार-पाच इंच मातीत रुतलेलं. कोणीतरी क्षणभर टेकवून चार पावलं बाजूला गेलं असावं, अशी उभी. विंचेस्टर कंपनीचं १८७३ चं मॉडेल. क्रमांक वाचता आला, तो कारखान्याच्या जुन्या वहीत शोधला, आणि कळलं की ही बंदूक १८८२ साली तयार झाली आणि त्याच साली गोदामातून बाहेर पडली. कोणाकडे गेली, ते वहीत नाही.

जावक झाली आणि ‘कोणास’ नाही? कारकुनाला याहून मोठी खाज नसते.

पुढे काही वर्षांनी लेक आणि जावई यलोस्टोनला निघाले, तेव्हा मी नकाशात बोट ठेवून विचारलं, वाटेत कोडी लागतं का. वायोमिंगमधलं हे छोटं गाव यलोस्टोनच्या पूर्वेच्या दारापासून ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटरवर आहे. बफेलो बिल कोडी या खेळियाच्या नावानं वसलेलं. बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट या एकाच छपराखाली तिथे पाच संग्रहालयं आहेत, त्यातलं एक बंदुकांचं. तिकीट लागोपाठ दोन दिवस चालतं. मंडळी दुसऱ्या दिवशी अस्वलं बघायला गेली आणि मी तिथेच राहिलो. जावयांनी मला दोनदा विचारलं, “बाबा, नक्की?”

हजारो बंदुका काचेआड. खरं सांगायचं तर तासाभरात माझे डोळे थकले. बंदुकीत मला गती नाही आणि ती यावी अशी इच्छाही नाही. मला बघायच्या होत्या वह्या.

न्यू हेवनच्या विंचेस्टर कारखान्याचा बंदुकांचा संग्रह १९७५-७६ च्या सुमारास इकडे आला. कारखान्याच्या जुन्या नोंदीही आता इथेच आहेत, शिवाय मार्लिन आणि एल. सी. स्मिथ या दोन कंपन्यांच्या. त्यावरून माहिती काढून द्यायला स्वतंत्र कचेरी आहे. आपल्या बंदुकीचं मॉडेल आणि क्रमांक कळवायचा, शुल्क भरायचं. नोंद सापडली तर शिक्क्यासकट पत्र येतं. त्याला ‘फॅक्टरी लेटर’ म्हणतात. तिथे बंदुकीच्या तेलाचा वास येईल असं मी धरून चाललो होतो. आला तो कॉफीचा.

ज्या बाईंनी मला समोर बसवून घेतलं त्यांचं नाव लिहीत नाही. मी भारतात आवक-जावक पाहायचो हे ऐकून त्या मनापासून हसल्या. “मग तुम्हाला समजावून सांगायला नको,” म्हणाल्या, आणि पडद्यावर एक पान उघडलं. आडव्या ओळी, तिरपं नीटस अक्षर, कुठे शाई दाट तर कुठे टाक कोरडा पडत आलेला. दर ओळीला एक बंदूक. पेन्सिलीची मागची बाजू टेकवत त्या ओळीवरून पुढे सरकल्या: क्रमांक. प्रकार, म्हणजे रायफल, कार्बाइन की मस्केट. नळी गोल की अष्टकोनी. चाप साधा की हलक्या दाबाचा. गोदामात आवक कधी. रवानगी कधी. मागणीचा क्रमांक. तिथे पेन्सिल थांबली, आणि पुढे कोरा कागद होता.

ते पेन्सिलीचं थांबणं मला अजून दिसतं.

“एवढंच?” मी विचारलं.

“एवढंच. १८८२ या एका वर्षात १८७३ च्या मॉडेलच्या पंचवीस हजार निघाल्या,” त्या म्हणाल्या. “पंचवीस हजार. कोणाकोणाचं नाव लिहिणार?”

हिशोब मला पटला, पण समाधान झालं नाही. मागणीचा क्रमांक आहे, तेव्हा मागण्यांची वही कधीतरी असणारच. ती आज हाताशी नाही. राहिला तो गोदामाचा हिशोब: माल आला, माल गेला. मालक ऑलिव्हर विंचेस्टर मुळात शर्ट शिवून विकणारा कारखानदार. शर्टाच्या वहीत गळ्याचं माप असतं, कोणाच्या गळ्याचं ते नसतं. सुरुवातीला पन्नास डॉलरच्या घरात असलेली ही रायफल १८८२ पर्यंत पंचवीस डॉलरवर आली होती. पंचवीस डॉलर, पंचवीस हजार नग. ठोक व्यापाऱ्याकडून दुकानदाराकडे, तिथून कोणा गुराख्याच्या, खाणकामगाराच्या किंवा दरोडेखोराच्या हातात.

सगळेच बंदूकवाले असे नाहीत. कोल्ट कंपनीच्या पत्रात माल कोणत्या व्यापाऱ्याकडे गेला आणि त्या खेपेत नग किती होते तेही बहुधा मिळतं. लंडनच्या जुन्या बंदूकवाल्यांच्या वह्यांत तर गिऱ्हाइकाचं नावच आधी. आपल्याकडचे कितीतरी संस्थानिक त्या पानांवर आहेत. तिथे बंदूक माणसाच्या खांद्याच्या मापानं बेतायची, त्यामुळे माणूस लिहावाच लागे. जिम कॉर्बेटच्या .२७५ रिग्बीवर चांदीची पट्टी आहे: चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल लेफ्टनंट गव्हर्नर हेवेट यांच्याकडून. ती रायफल पुढे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे होती आणि २०१५ मध्ये रिग्बी कंपनीनं ती परत मिळवली. पट्टीवर देणारा आहे, घेणारा आहे, कारण आहे. चंपावतच्या वाघिणीनं घेतलेले ४३६ बळी अर्थात त्या पट्टीवर मावणारे नव्हते. पंचवीस डॉलरच्या बंदुकीला कोण चांदी लावणार!

मग लोक एवढे पैसे भरून पत्र मागवतात कशाला? बाईंनी पहिलं कारण दिलं ते आजोबांचं. घरात एक बंदूक असते, तिच्याभोवती एक गोष्ट असते. आमचे पणजोबा हिच्यासकट गाड्यांच्या तांड्यातून पश्चिमेला आले, अमक्या लढाईत ही होती, तमक्या दरोड्यात हिच्यातूनच गोळी सुटली. वही उघडावी तर बंदूक लढाईच्या नंतर सहा वर्षांनी तयार झालेली. “मग तुम्ही काय करता?” “तारीख लिहून पाठवते,” त्या म्हणाल्या. पत्रात मत द्यायचं नाही, वहीत आहे तेवढंच उतरवायचं. हे मला फार ओळखीचं वाटलं. आम्हीही शेरा मारत नसू.

दुसरं कारण पैसा, आणि इथे माझी सहानुभूती आटते. विंचेस्टरनं १८७५ च्या सुमारास एक टूम काढली: चाचणीत ज्या नळ्या विशेष अचूक निघतील त्या निवडून, सजवून, ‘वन ऑफ वन थाउजंड’ असं कोरून शंभर डॉलरला विकायच्या. १८७३ च्या मॉडेलात अशा दीडशेही झाल्या नाहीत. जेम्स स्टुअर्टचा ‘विंचेस्टर ’७३’ हा चित्रपट १९५० मध्ये आला, तेव्हा जाहिरातीसाठी चित्रपट कंपनीनं त्या शोधायची हाक दिली आणि माळ्यांवरून बंदुका खाली आल्या. आज त्यांची किंमत ऐकून मी तो आकडा पुन्हा विचारला नाही. साहजिकच साध्या बंदुकीवर ती अक्षरं नंतर कोरणारे हात तयार झाले, गोल नळी काढून अष्टकोनी बसवणारेही. अशा वेळी १८८० सालच्या कोणा कारकुनाचा एक शब्द, ‘गोल’, आजच्या लिलावातली बोली बसवून टाकतो. त्या कारकुनाचं नावही वहीत नाही. अक्षर तेवढं आहे.

तिसरं कारण कायद्याचं. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यानं १८९८ किंवा त्याआधी तयार झालेली बंदूक ‘प्राचीन’ धरली आहे, आणि तिच्या खरेदी-विक्रीला आधुनिक शस्त्राचे केंद्रीय नियम लागत नाहीत. म्हणजे डिसेंबर १८९८ मध्ये बनलेली रायफल पुराणवस्तू, आणि दहा दिवसांनी जानेवारीत बनलेली तिचीच बहीण शस्त्र. दोघींतून गोळी सारखीच सुटते. बाईंना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी खांदे उडवले आणि कॉफी घेणार का विचारलं.

मी पुन्हा नेवाडातल्या बंदुकीवर आलो. ती काही काळ इथेच होती. मी गेलो तेव्हा उद्यानात परत गेली होती. इथल्या लोकांनी तिला जशीच्या तशी टिकवली. घासून चमकवली नाही, सुटणारे लाकडाचे पापुद्रे फक्त जागच्या जागी चिकटवले. आत गोळी भरलेली आहे का हे बघायला गावातल्या दवाखान्यात नेऊन तिचा एक्स-रे काढला. नळी रिकामी होती. पण दस्त्यात नळी साफ करायच्या काड्या ठेवायचा एक कप्पा असतो, त्यात काहीतरी दिसलं. काढल्यावर निघालं एक काडतूस, न उडवलेलं, १८८७ ते १९११ या काळात बनणाऱ्या जातीचं. म्हणजे १८८२ ला वखारीतून निघालेली बंदूक निदान १८८७ पर्यंत कोणाच्या तरी हातात होती. वहीनं जे सांगितलं नाही त्यातलं थोडंसं, पाच वर्षांपुरतं, काडतुसानं सांगितलं.

उत्तरेला मोंटानात लिटल बिगहॉर्नचं रणांगण आहे. २५ जून १८७६ रोजी तिथे लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी अमेरिकी सैन्यातल्या कस्टरची तुकडी संपवली. १९८३ मध्ये तिथलं गवत जळून जमीन उघडी पडली आणि पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्ववाल्यांनी ती इंच इंच तपासली. उडालेल्या पुंगळ्यांच्या बुडावर बंदुकीच्या टाचणीची खूण उमटते, आणि प्रत्येक बंदुकीची खूण निराळी. त्या खुणा जुळवून एकच बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली हे त्यांनी काढलं. सैनिकांकडे एकेक गोळी भरायच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन होत्या. समोरच्या बाजूला हेन्री आणि विंचेस्टरसुद्धा निघाल्या. न्यू हेवनच्या गोदामातून त्या टेकडीपर्यंत त्या कोणत्या वाटेनं गेल्या असतील? व्यापारी, अदलाबदल, लूट. कोणत्याही पत्रात हे यायचं नाही. ज्यांची जमीन गेली ते लोक या वह्यांत तर नाहीतच, पण ज्यांनी घेतली तेही नाहीत. सगळे बिनानावाचे.

आणि काचेआडच्या पाट्यांवर मात्र १८७३ च्या मॉडेलला पश्चिम जिंकणारी बंदूक म्हणतात. जिंकली म्हणजे कोणाकडून, हा रकाना तिथेही राहूनच गेलाय.

निघायची वेळ होत आली होती. फोन वाजला. बाईंनी मला बसा अशी खूण केली आणि आवाज मोठा ठेवला. पलीकडे एक म्हातारा, घसा खरवडत बोलणारा. १८९४ चं मॉडेल, बापाची बंदूक, बापाला त्याच्या बापाची. हे मॉडेल सत्तर लाखांहून जास्त बनलं. वह्या मात्र साडेतीन लाखांच्या थोड्या पुढे येऊन संपतात. त्यापुढचा क्रमांक असेल तर इथे काहीच नाही. म्हाताऱ्यानं सहा आकडे वाचले. बाईंनी ते कागदावर उतरवले आणि पहिल्या आकड्याभोवती गोल काढला.

“पहिला परत सांगता? तीन की आठ?”

“तीन असावा. झिजलाय हो. आठही असेल.”

तीन असेल तर ओळ आहे: गोल की अष्टकोनी, साधा चाप की हलका, आली कधी, गेली कधी. आठ असेल तर कोरा कागद.

“घाई नाही,” बाई म्हणाल्या. “थोडं तेल घ्या, मऊ फडक्यानं पुसा. घासू नका. दिवा तिरपा धरा.”

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, खण उघडल्याचा आवाज, कुणाला तरी मारलेली हाक. बाईंनी पेन्सिल उलटी धरली होती. मी जायला उठलो होतो, तो परत बसलो.