शार्दुल ठाकूरला 'पालघर एक्स्प्रेस' म्हणतात, पण त्याची खरी मॅच विरारच्या पुढे सुरू व्हायची

2018 साल. भारताची टीम दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतली. शार्दुल ठाकूर विमानतळावरून बाहेर पडला, अंधेरी स्टेशनला आला आणि पालघरला जाणाऱ्या लोकलमध्ये चढला. डब्यातले लोक त्याच्याकडे बघत होते. हा खरंच तोच आहे का, हे काहींनी गुगलवर फोटो काढून पडताळून पाहिलं.

या किस्स्याची तेव्हा बरीच चर्चा झाली. 'किती साधा माणूस' असं कौतुकही झालं. पण शार्दुलसाठी हा प्रवास नवीन नव्हता. त्याच्या क्रिकेटची सुरुवातीची बरीच वर्षं याच रुळांवर गेली होती.

पालघरचा पोरगा मुंबईकडून का खेळतो?

महाराष्ट्रात क्रिकेटच्या तीन संघटना आहेत. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. पुण्याची महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन राज्याचा बराचसा भाग सांभाळते. मात्र मुंबई क्रिकेट असोसिएशनची हद्द शहरापुरती नाही. पश्चिम रेल्वेवर ती डहाणूपर्यंत आणि मध्य रेल्वेवर बदलापूरपर्यंत जाते.

म्हणजे पालघर आणि बोईसरची मुलं क्रिकेटच्या नकाशावर मुंबईकर ठरतात. ऐकायला भारी वाटतं. पण याचा दुसरा अर्थ असा की, त्यांची स्पर्धा दादर, वांद्रे आणि बोरिवलीच्या मुलांशी असते. शिवाजी पार्क, आझाद मैदान, क्रॉस मैदान, सगळं तिकडेच. ट्रायल तिकडे, क्लब तिकडे, पावसाळ्यातली कांगा लीग तिकडे.

आणि पालघर ते चर्चगेट अंतर आहे जवळपास 90 किलोमीटर.

तेव्हा लोकल विरारलाच संपायची

शार्दुलचा जन्म 16 ऑक्टोबर 1991 चा, पालघरचा. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता, वेगळा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. वडील शेतकरी.

मुंबईची लोकल सेवा डहाणूपर्यंत वाढली ती एप्रिल 2013 मध्ये. त्याआधी विरारच्या पुढच्या लोकांना शटल, मेमू किंवा गुजरातकडून येणाऱ्या मेल-एक्स्प्रेसचाच आधार होता. एक गाडी चुकली की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडायचं. त्यात खांद्यावर किटबॅग आणि समोर ऑफिसला निघालेली गर्दी. सकाळची मॅच म्हणजे पहाटे घर सोडणं आणि घरी परतेपर्यंत रात्र. दिवसाचे कित्येक तास गाडीत जायचे. बॉलिंग टाकून थकण्याआधीच मुलगा प्रवासाने थकलेला असायचा.

बोईसरच्या शाळेची मॅच आणि एक फोन

शार्दुल बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरात शिकत होता. 2006 मध्ये त्याच्या शाळेची मॅच बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलशी झाली. त्यात त्याने 78 रन केले आणि पाच विकेटही काढल्या.

समोरच्या शाळेचे कोच होते दिनेश लाड, म्हणजे रोहित शर्माला घडवणारे कोच. या मुलाला आपल्या शाळेत आणायचं असं त्यांनी ठरवलं आणि शार्दुलच्या वडिलांना फोन केला. घरचे तयार होईनात. दहावीचं वर्ष तोंडावर, आणि पालघरहून बोरिवलीला रोज जाणं-येणं कसं जमणार?

लाड सरांनी मग सरळ उपाय काढला. मुलगा आमच्या घरी राहील. शार्दुल त्यांच्या घरी राहिला, तिथूनच शाळेत आणि मैदानावर गेला. याच शाळेकडून हॅरिस शिल्डमध्ये त्याने एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले आणि मुंबईच्या मैदानांवर त्याचं नाव झालं.

नीट पाहिलं तर, पालघरमध्ये असताना त्याच्याकडे टॅलेंट होतंच. बोरिवलीत त्याला मिळाला तो वेळ.

रणजीत आला, पण सुरुवात फसली

नोव्हेंबर 2012 मध्ये जयपूरला राजस्थानविरुद्ध त्याने मुंबईकडून रणजी पदार्पण केलं. पहिल्या चार मॅचमध्ये विकेट मिळाल्या फक्त चार, सरासरी 82. मुंबईच्या टीममध्ये जागेसाठी रांग लागलेली असते. अशा आकड्यांवर करिअर तिथेच थांबू शकलं असतं.

पण 2013-14 च्या हंगामात त्याने सहा मॅचमध्ये 27 विकेट काढल्या आणि 2014-15 मध्ये दहा मॅचमध्ये 48. 2015-16 च्या फायनलमध्ये सौराष्ट्रविरुद्ध आठ विकेट घेतल्या आणि मुंबईने 41 वी रणजी ट्रॉफी जिंकली.

टेस्ट पदार्पणातही नशीब आडवं आलं. ऑक्टोबर 2018 मध्ये हैदराबादला दहा बॉल टाकले आणि दुखापतीमुळे बाहेर जावं लागलं. पुढची टेस्ट मिळाली थेट जानेवारी 2021 मध्ये, ब्रिस्बेनला. भारत 6 बाद 186 असताना त्याने वॉशिंग्टन सुंदरसोबत 123 रनची पार्टनरशिप केली. स्वतः 67 रन केले, मॅचमध्ये सात विकेट काढल्या. ऑस्ट्रेलिया 1988 नंतर पहिल्यांदाच गॅबावर हरली.

2025-26 च्या हंगामात तर मुंबईच्या रणजी टीमचं कर्णधारपदच त्याच्याकडे आलं.

मग आता पालघरच्या मुलांसाठी सगळं सोपं झालंय का?

थोडंफार. डहाणू लोकल आली. पण विरारच्या पुढे लोकलच्या फेऱ्या आजही मोजक्याच आहेत. एकाच मार्गावर लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या धावतात. विरार-डहाणू चौपदरीकरण झालं की फेऱ्या वाढायला जागा होईल.

शार्दुलची गोष्ट जिद्दीची आहेच. पण त्या जिद्दीला बोरिवलीत राहायला एक घर मिळालं होतं. प्रत्येक मुलाला लाड सरांसारखा कोच भेटेलच असं नाही. त्यामुळे पालघर-बोईसरमधून पुढचा शार्दुल यायचा असेल, तर चांगलं मैदान आणि चांगला कोच त्याच्या घराजवळ असायला हवा, नाहीतर निदान वेळेवर गाडी तरी.