सायकलीचा विमा : आधी कागद वाचा

मोटारीचा विमा कायद्याने उतरवावाच लागतो. सायकलीला तशी सक्ती नाही. जुन्या, स्वस्त सायकलीला विमा परवडत नाही. पण ४०,००० रुपयांची सायकल चोरीला गेली, तर घराचा हिशेबच कोलमडतो.

एजंटाच्या नुसत्या बोलण्यावर जाऊ नका. कागदात तीन गोष्टी शोधा. भरपाई कोणत्या किमतीवर मिळेल? रस्त्यावरून चोरी झाली तरी मिळेल का? आणि त्यातून कापणार किती?

समजा, सायकल ४०,००० ची. वापरली म्हणून १० टक्के, म्हणजे ४,००० वजा. शिवाय पहिले २,००० आपल्या अंगावर. हाती येतील ३४,०००. आता वर्षाचा हप्ता याच्याशी ताडून बघा. कुलूप लावण्याची अट असेल आणि ते लावले नसेल, तर कदाचित छदामही मिळणार नाही.

बिल जपून ठेवा. सायकल उलटी करा. पायडलच्या दांड्याखाली बहुधा सांगाड्याचा नंबर कोरलेला असतो. तो वहीत उतरवा. चोरी झाली, तर पोलिसांना आणि कंपनीला लगेच कळवा, पोच घ्या. कंपनीने पैसे नाकारले, तर आधी तिलाच लेखी तक्रार द्या. तिथे दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी पडत नाही.

सही मागाहून, वाचन आधी.