गुंजेचें वजन व पोथ्यांतील ‘मासा’

जुन्या जमाखर्चांत, दागिन्यांच्या याद्यांत व वैद्यकाच्या पोथ्यांत ‘गुंज’ हा शब्द पदोपदीं आढळतो. पण ज्या वेलीची ती गुंज, ती वेल आमच्या संशोधकबंधूंपैकीं कितीजणांनीं पाहिली असेल याची शंकाच आहे. कुंपणावर व झुडपांवर चढणारी, चिंचेसारख्या बारीक पानांची ही वेल. शेंग वाळून उकलली म्हणजे लालभडक व एका टोकास काळा डाग असलेलें बीं दिसूं लागतें. अमरकोशांत हिला कृष्णला म्हटलें आहे, तें या डागावरूनच असावें. रक्तिका या दुसऱ्या नांवापासून हिंदींतील ‘रत्ती’ निघाली. विड्यांत घालतात तो गोड गुंजपाला याच वेलीचा.

कवच कठीण, बीं लवकर किडत नाहीं, व सोनाराच्या कामापुरतीं सारखीं बियाणीं निवडून काढतां येतात. म्हणून तें तागडींत गेलें. येथपर्यंत सर्व सरळ आहे. घोंटाळा होतो तो गुंजेंत नव्हे, माशांत.

आपल्याकडील कोष्टक 8 गुंजांचा मासा व 12 माशांचा तोळा असें. म्हणजे तोळ्यास 96 गुंजा. इ. स. 1833 मध्यें कंपनी सरकारनें तोळा 180 ग्रेनांचा, म्हणजे सुमारें 11.66 ग्रॅमांचा ठरविला. त्या हिशेबानें गुंज सुमारें 0.12 ग्रॅम भरते. परंतु मनुस्मृतींत सोन्याचा माष 5 कृष्णलांचा व अशा 16 माषांचा सुवर्ण आहे. आणि त्याच प्रकरणांत रुप्याचा माषक अवघ्या 2 कृष्णलांचा! भास्कराचार्यांनीं लीलावतींत 5 गुंजांचाच माष धरला आहे. शार्ङ्गधर मागधमानानें 6 गुंजांचा माष सांगतो, कालिंगमानानें 8 चा, व क्वचित् 7 चाहि. आतां एखाद्या संस्कृत पोथींतील 16 माषांस आपला मासा लावला, तर 80 च्या जागीं 128 गुंजा होतात. फरक 48 गुंजांचा, म्हणजे बरोबर अर्ध्या तोळ्याचा. दानपत्रांत एवढ्यानें दात्याचें औदार्य फुगेल इतकेंच. रसौषधीच्या मात्रेंत मात्र रोग्याच्या जिवाशीं गांठ पडेल. ‘धरण’ शब्दाचेंहि असेंच : मनूचें धरण 32 कृष्णलांचें, लीलावतीचें 24 गुंजांचें. तेव्हां पोथी छापतांना कंसांत ग्रॅम भरण्याची घाई करूं नये. पोथींत कोष्टक असल्यास तें आधीं द्यावें, नसल्यास कोणतें मान गृहीत धरलें तें स्पष्ट लिहावें.

सोनारांच्या जुन्या पेट्या जमविणाऱ्यांस आणखी एक सूचना. डाग नसलेलें, सगळेंच लाल व थोडें मोठें बीं आढळल्यास तें रतनगुंजेचें होय. ती वेल नसून वृक्ष आहे, व तिचें बीं गुंजेच्या सुमारें दुप्पट भरतें. दोन्ही एकत्र तोलून सरासरी काढणारे लेख आम्हांस पटत नाहींत.

विषाविषयीं थोडें लिहिणें अवश्य आहे. सुश्रुतानें गुंजेची गणना मूलविषांत केली आहे. परंतु आजच्या शास्त्रानें तिचें जहाल विष, अॅब्रिन, बियांत दाखविलें आहे. तें शरीरांतील पेशींचें प्रथिनें बनविण्याचें कामच बंद पाडतें, व त्यावर उतारा नाहीं. अखंड बीं पोटांत गेल्यास कवचामुळें बहुधा तसेंच बाहेर पडतें. फुटलेलें, चावलेलें किंवा भोंक पाडलेलें बीं घातक. लक्षणें कधीं कधीं दिवस उलटून गेल्यावर दिसतात. एकोणिसाव्या शतकांत कातड्याच्या लोभानें गुरें मारण्यास हेंच बीं वापरीत. उलट पक्षीं, जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यानें 1891 मध्यें याच विषावर प्रयोग करून प्रतिकारशक्तीच्या अभ्यासास दिशा दिली. शोभेच्या मोहापायीं ही वेल दूरदेशीं गेली आणि अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत आज उपद्रवी तण म्हणून तिची गणना होते. इंग्लंडांत तर 2011 सालीं या मण्यांचीं कांकणें विक्रेत्यांस परत मागवावीं लागलीं.

भागवताच्या दशमस्कंधांत श्रीकृष्णाच्या कानीं गुंजांचें भूषण आहे, म्हणून कोणी संग्रहांतील गुंजा ओवून ठेवीत असतील, तर तसें करूं नये. वजनाच्या गुंजा न टोंचतां, झांकणाच्या कुपींत, मुलांच्या हातीं न लागतील अशा ठेवाव्या, आणि कुपीवर त्या कोणत्या पेठेंतील, कोणाच्या पेटींतून आल्या व प्रत्येकीचें वजन किती भरलें, हें लिहावें.