अकरावी नावापुरती नको

दहावीचा निकाल लागला की नागपुरातल्या घरांत टक्क्यांचं कौतुक जेमतेम दोन दिवस चालतं. मग विषय एकच उरतो: अकरावी कुठे? शेजारच्यांची मुलगी शिवाजी सायन्सला गेली, मावशीचा मुलगा आंबेडकरला. आणि कुणीतरी जाणकार हमखास सांगतो, "कॉलेज कोणतंही घ्या हो, नाव लावून ठेवायचं. क्लास तर आहेच."

हे शेवटचं वाक्य इतकं सर्रास बोललं जातं की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नाही. पण मुलाची सोळा ते अठरा वयाची दोन वर्षं कशी जाणार, याचा निर्णय त्या एका वाक्यात होऊन जातो. म्हणून आधीच स्पष्ट सांगते. कॉलेज असं निवडा, जिथे तुमचं मूल रोज जाईल आणि वर्गात बसेल. कटऑफ, नाव, इमारत यांचा विचार त्यानंतर.

शाळा आणि कॉलेजच्या मधली दोन वर्षं

महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध कोठारी आयोगाच्या शिफारशींनंतर आला. नव्या पद्धतीची पहिली दहावीची परीक्षा १९७५ साली झाली, पहिली बारावीची १९७७ साली. त्याआधी अकरावीची मॅट्रिक होती. नव्या रचनेत अकरावी-बारावी काही ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयांना जोडली गेली, काही ठिकाणी शाळांना. नागपुरात ही दोन्ही रूपं शेजारी शेजारी दिसतात. १८८३ पासूनचं हिस्लॉप, मुलींसाठी १९३२ पासून चालत आलेलं एलएडी, दीक्षाभूमीवरचं १९६४ चं डॉ. आंबेडकर महाविद्यालय ही एका बाजूला, आणि शाळेच्याच आवारात भरणारी कनिष्ठ महाविद्यालयं दुसऱ्या बाजूला.

पालकांनी हा फरक लक्षात घ्यावा. शाळेला जोडलेल्या कॉलेजात बहुधा हजेरीवर लक्ष असतं, मूल दोन दिवस आलं नाही तर घरी फोन जातो. वरिष्ठ कॉलेजात ग्रंथालय मोठं, प्रयोगशाळा प्रशस्त आणि मोकळीकही तितकीच. आपल्या मुलाला कुणी हाक मारून बसवावं लागतं की तो आपला आपण बसतो, हे आई-बाबांइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं. कॉलेजच्या नावाआधी या प्रश्नाचं खरं उत्तर घरात द्यावं.

आधी विषय, मग कॉलेज

आपल्याकडे गंमत अशी होते की कॉलेज आधी ठरतं आणि विषय अर्ज भरताना खिडकीशी ठरतात. विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र बहुतेक सगळेच घेतात. खरा प्रश्न गणित, जीवशास्त्र की दोन्ही, हा असतो. दोन्ही घेतल्याने अभियांत्रिकी आणि वैद्यकीय ही दोन्ही दारं उघडी राहतात हे खरं, पण ज्या मुलीचा जीवशास्त्राकडे ओढा स्पष्ट आहे तिच्यावर "असू दे, राहील" म्हणून गणित लादलं, तर दोन वर्षं ती त्या एका विषयाखाली दबून जाते.

दुसरा निर्णय द्विलक्षी अभ्यासक्रमाचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या बायफोकलचा. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स यांसारखे हे विषय प्रत्येकी २०० गुणांचे असतात आणि ते दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय यांच्या जागी येतात. त्यामुळे बायफोकल घेणाऱ्याला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता येत नाहीत, आणि मराठीही सुटते. अभियांत्रिकीचं पक्कं असेल तर हा सौदा चांगला. डॉक्टरकीचा विचार मनात कुठेतरी शिल्लक असेल तर आधी थांबून बोलावं.

वाणिज्य शाखेतही असाच मुद्दा आहे. गणित सोडण्याची घाई अनेक मुलं करतात, पण सीए फाउंडेशनच्या परीक्षेत संख्याज्ञानाचा स्वतंत्र पेपर असतो. कला शाखेकडे तर "टक्के कमी पडले म्हणून" अशा नजरेनं पाहिलं जातं, तेही चूकच. नागपुरात २०१६ पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. तिथला प्रवेश क्लॅट या परीक्षेतून होतो आणि त्या परीक्षेला बारावीची कोणतीही शाखा चालते. भाषा, मानसशास्त्र, भूगोल यांत रमणाऱ्या मुलाला विज्ञानात कोंबून त्याचं भलं होत नाही. हाताने काम करायला आवडणाऱ्या मुलासाठी दहावीनंतरची तंत्रनिकेतनाची पदविका हाही पूर्ण मानाचा रस्ता आहे. तिथून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

पसंतीक्रम मनातलाच भरा

नागपूर महापालिका क्षेत्रात अकरावीचे प्रवेश २०१७ पासून केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. २०२५ पासून तीच पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली. अर्जाचे दोन भाग असतात: पहिल्यात विद्यार्थ्याची माहिती, दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम. २०२५ च्या फेऱ्यांत किमान एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं भरायची होती.

याबद्दलचा एक गैरसमज फार नुकसान करतो. "पहिल्या नंबरावर मोठं कॉलेज टाकलं आणि ते मिळालं नाही, तर खालचंही हातचं जाईल" अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. संगणक गुणवत्तेच्या क्रमाने एकेक विद्यार्थी घेतो आणि त्याच्या यादीत वरून खाली जात, जिथे त्याच्यासाठी जागा शिल्लक आहे असं पहिलं कॉलेज त्याला देतो. तुम्ही एखादं कॉलेज तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं म्हणून तिथे तुमच्याहून कमी गुणांच्या मुलाला तुमच्या आधी जागा मिळत नाही. तेव्हा यादी खऱ्या आवडीच्या क्रमानेच लावावी. वरची दोन-तीन नावं थोडी आवाक्याबाहेरची, मधली आवाक्यातली, शेवटची दोन नक्की मिळतील अशी असली की झालं. गेल्या वर्षीचे फेरीनिहाय आणि प्रवर्गनिहाय कटऑफ पाहून हा अंदाज बांधता येतो.

एका नियमाकडे मात्र काटेकोर लक्ष हवं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. दुसऱ्या किंवा त्याखालच्या पसंतीचं मिळालं तर थांबून पुढच्या फेरीची वाट पाहता येते. म्हणून मैत्रिणीने टाकलं म्हणून, किंवा "बघू काय होतं" म्हणून पहिल्या क्रमांकावर कोणतंही नाव लिहू नये. ज्या कॉलेजात उद्या सकाळी जायची तयारी आहे, तेच तिथे लिहावं.

त्याशिवाय कोटे आहेत. व्यवस्थापन कोटा पाच टक्के, त्याच संस्थेच्या शाळेतून आलेल्यांसाठी इनहाउस कोटा दहा टक्के आणि अल्पसंख्याक संस्थांत त्या समाजासाठी पन्नास टक्के. आपलं मूल यांपैकी कशात बसतं का, हे दहावीच्या शाळेतच विचारून ठेवावं.

आणि एक दिलासा. २०२५ मध्ये राज्यभरातल्या अकरावीच्या जागा २१ लाखांच्या घरात होत्या, अर्ज त्याहून पुष्कळ कमी होते. जागा मिळणार का, ही चिंता बहुतेकांच्या बाबतीत निराधार आहे. चांगली जागा कोणती, हा खरा प्रश्न.

टाय-अपची किंमत

आता त्या "नाव लावून ठेवायचं"कडे येते. नागपुरात याला टाय-अप म्हणतात. नीट किंवा जेईईचा क्लास आणि एखादं कनिष्ठ महाविद्यालय यांचं साटंलोटं असतं. मूल दिवसभर क्लासमध्ये बसतं, कॉलेजच्या हजेरीपटावर फक्त नाव असतं. शहरात केंद्रीय पद्धत आली तेव्हा महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या कॉलेजांत नाव लावण्याची वाट अनेकांनी धरली, आणि शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजांत जागा रिकाम्या राहिल्या. २०१८ साली राज्य सरकारने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तोही याच कारणाने. २०२५ मध्ये हद्दीचा फरक मिटला. वर्गात न जाण्याची सवय मात्र शासन निर्णयाने मिटत नाही. ती घरातच मोडावी लागेल.

क्लासला विरोध नाही. स्पर्धा परीक्षेचा सराव क्लासमध्ये चांगला होतो. पण कॉलेज सोडण्याचे परिणाम आई-बाबांनी आधी समजून घ्यावेत. आयआयटी आणि एनआयटीसाठी जेईईच्या गुणांबरोबर बारावीला ७५ टक्के लागतात, किंवा आपल्या मंडळातल्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी ६५ टक्के). वैद्यकीयसाठी बारावीच्या भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि आरक्षित प्रवर्गाला ४० टक्के हवेत. राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत वीस टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. अकरावीची परीक्षा कॉलेजच घेतं म्हणून ते वर्ष वाया घालवणाऱ्याला याचा फटका बसतो.

याहून मोठा तोटा प्रयोगशाळेत होतो. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि टाय-अपच्या मुलांची जर्नल्स वर्षाअखेरीस एकमेकांची पाहून उतरवली जातात. गुण मिळतातही. पण ऑक्झॅलिक आम्ल गरम करून त्यात ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेट थेंबाथेंबाने सोडताना जे कळतं, ते पुस्तकातून कळत नाही. सुरुवातीला जांभळा रंग पडतो आणि विरतो, पुन्हा पडतो, पुन्हा विरतो. मग एका थेंबाला फिकट गुलाबी छटा टिकते. तिथे हात थांबला पाहिजे. एक थेंब जास्त गेला की वाचन चुकलं, पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा केल्यावर दोन वाचनं जुळतात, तेव्हा त्या मुलीला मोजमाप म्हणजे काय, हे पहिल्यांदा उमगतं. उद्या ती डॉक्टर होवो की अभियंता, तिला याच शिस्तीवर काम करायचं आहे. ही संधी तिच्याकडून आपण काढून घ्यायची नाही.

बाहेरगावी पाठवताना

क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला पाठवायचं ठरत असेल, तर एक गोष्ट आधी तपासा. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रासाठी असतात, आणि आपलं राज्य कोणतं हे बारावी कुठून उत्तीर्ण झालो यावर ठरतं. घर धंतोलीत असलं तरी बारावी राजस्थानातून केली की त्या निम्म्या जागांवरचा हक्क जातो. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठीही अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून असणं, काही अपवाद सोडता, आवश्यक आहे. आपल्या दारातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी महाविद्यालयं हातची घालवून दूर जाण्यात शहाणपण आहे का, हा हिशेब अकरावीच्या आधी करायचा असतो. बारावीनंतर तो करून काही हाती लागत नाही.

अंतर, खर्च, कागद

रोज दोन तास रस्त्यात गेले तर अभ्यासाला उरतं काय? मेट्रोमुळे आता बराच फरक पडला आहे. ॲक्वा लाइनवर एलएडी चौक आणि धरमपेठ कॉलेज ही स्थानकं कॉलेजांच्याच नावाची आहेत, ऑरेंज लाइनचं काँग्रेस नगर शिवाजी सायन्सच्या जवळ आहे, आणि विद्यार्थ्यांना भाड्यात सवलत मिळते. अठराच्या आतल्या मुलाच्या हाती गाडीची चावी देण्याऐवजी मेट्रोच्या वाटेवरचं कॉलेज यादीत वर घ्यावं.

फीचा प्रश्न विचारायला संकोच नको. अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकड्यांच्या फीत मोठा फरक असतो, आणि एकाच कॉलेजात वेगवेगळ्या तुकड्या असू शकतात. अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. आरक्षित प्रवर्गातल्या मुलांनी जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाकावा. बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशावेळी याच कागदासाठी सर्वाधिक धावपळ होते.

एकदा कॉलेजात जाऊन या

यादी भरण्याआधी मुलाला घेऊन चार-पाच कॉलेजं पाहून या. माहितीपत्रक बाजूला ठेवा. बारावीचं वेळापत्रक मागा, प्रात्यक्षिक आठवड्यातून किती दिवस होतं ते विचारा. भौतिकशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक आहेत की तासिका तत्त्वावर, हे विचारा. बाहेर पडणाऱ्या मुलामुलींशी बोला, सर रोज येतात का, तुम्ही रोज येता का, असं थेट विचारा. ती मुलं अगदी खरं सांगतात. प्रयोगशाळेतल्या ब्युरेटवर धूळ आहे की त्या नुकत्या धुतलेल्या आहेत, हे डोळ्यांनाच दिसतं.

मग घरी बसून यादी लावा, आणि पेन मुलाच्या हाती द्या. तुम्ही माहिती गोळा करा, धोके सांगा, फीची मर्यादा स्पष्ट करा. क्रम त्याला लावू द्या. जे कॉलेज त्याने स्वतः निवडलं, तिथे जायला त्याला सकाळी उठवावं लागत नाही. नव्वद टक्क्यांचं नावाजलेलं कॉलेज मिळो की पंच्याहत्तरचं साधं, वर्ग भरत असेल, शिक्षक शिकवत असतील आणि तुमचं मूल तिथे बसत असेल, तर तेच तुमच्यासाठी शहरातलं पहिल्या क्रमांकाचं कॉलेज आहे. यंदाची यादी या कसोटीवर लावा.