घणसोलीतल्या फरश्या कशा फुटत गेल्या

1970 साली नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, तेव्हा घणसोली हे खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं गाव होतं. घरांवर मंगळुरी कौलं, म्हणजे साधी भाजलेली माती, आतून सच्छिद्र. नारळ पडला की एखादं फुटायचं, पावसाळ्याआधी घर शाकारताना तेवढंच बदलायचं. फुटण्याचं कुणाला नवल नव्हतं.

मग गावठाणात कौलारू घरांच्या जागी चार-पाच मजली इमारती आल्या आणि छपरावरचं सिरॅमिक जमिनीवर उतरलं. शहाबादी आणि मोझेक मागे पडून झिलईच्या टाइल्स आल्या, त्यांच्यामागून व्हिट्रिफाइड. व्हिट्रिफाइड टाइलची भाजणी अशी की छिद्रं जवळजवळ बुजतात, पाणी अर्धा टक्काही शोषलं जात नाही. कौलापेक्षा कितीतरी मजबूत. तरीही वरवंटा निसटला की तडा जातोच, आणि दोष टाइलच्या कंपनीला!

पितळेच्या हंड्याला पोचा येतो, कारण धातूतले अणूंचे थर सरकतात. सिरॅमिकमध्ये ते सहज सरकत नाहीत, म्हणून आघाताचा ताण चिरेतून मोकळा होतो. गोल वस्तू आपटली तर आधी कडं उमटतं आणि खाली शंकूसारखी चीर पसरत जाते. भौतिकशास्त्रज्ञ हाइन्रिख हर्ट्झने 1881च्या सुमारास काचेच्या अभ्यासात हे नोंदवलं. टोकदार वस्तूची तऱ्हा वेगळी. टोकाखालचा भाग चुरडतो, चिरा खोल जातात, आणि दाब निघताना आडव्या चिरा वर येऊन कपची उडते. 1976 साली इव्हान्स आणि चार्ल्स या संशोधकांनी हिऱ्याच्या टोकाने उमटवलेल्या ठशाभोवतीच्या चिरा मोजून सिरॅमिकचा चिवटपणा काढायची रीत मांडली.

माझ्या मते मात्र खरा गुन्हेगार टाइलच्या पाठीमागे असतो. सिरॅमिक दाब सोसतं, ताण सोसत नाही. खाली पोकळी राहिली की टाइल वाकते आणि तडा खालूनच सुरू होतो. टाइलच्या आघात-चाचणीत 19 मिमीची पोलादी गोळी एक मीटरवरून टाकून उसळी मोजतात, पण तो नमुना काँक्रीटच्या ठोकळ्याला पक्का चिकटवलेला असतो. आपल्याकडे चार कोपऱ्यांत सिमेंटचे गोळे ठेवून काम उरकतात.

खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेल्या ‘भाभा कवच’ या बुलेटप्रूफ जॅकेटमध्येही बोरॉन कार्बाइड हे सिरॅमिक आहे. अशा कवचात सिरॅमिक बंदुकीच्या गोळीचं टोक मोडतं, स्वतः फुटतं आणि तुकडे पाठीमागचा थर झेलतो. तिथेही एकटं सिरॅमिक पुरत नाही.

तेव्हा नवी फरशी बसवलीत, तर गवंड्याचा हिशोब चुकता करण्याआधी प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून बघा. पोकळ वाजली, तर उखडून पुन्हा बसवायला सांगा.