सर्व्हर कॉन्फिगरेशन स्वयंचलनातील दोषनिवारण

सर्व्हर कॉन्फिगरेशन स्वयंचलन म्हणजे अनेक सर्व्हरवरील सॉफ्टवेअर, सेटिंग, वापरकर्ते व सेवा यांची मांडणी हाताने न करता, ती कशी असावी याचे लेखी वर्णन करून एखाद्या साधनाकडून करवून घेण्याची पद्धत होय. अ‍ॅन्सिबल, पपेट, शेफ आणि सॉल्ट ही या वर्गातील प्रसिद्ध साधने आहेत. त्यांच्या वापरात वारंवार उद्भवणाऱ्या अडचणी, त्यांची कारणे आणि ती शोधण्याच्या रीती यांचा परिचय या लेखात करून दिला आहे. उदाहरणे मुख्यतः अ‍ॅन्सिबलची घेतली आहेत.

या अडचणींचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात साधन मध्येच थांबते व त्रुटीचा संदेश देते. हा संदेश साधन कोठे अडले ते सांगतो. दोष मात्र बहुधा त्याच्या आधीच्या एखाद्या पायरीत असतो. दुसऱ्या प्रकारात साधन सर्व काही यथास्थित असल्याचे सांगते आणि सर्व्हर मात्र निराळ्याच स्थितीत असतो. हा प्रकार अधिक घातक होय, कारण त्याचा शोध घेण्याची गरजच कोणाला भासत नाही.

पार्श्वभूमी

या पद्धतीचा पाया मार्क बर्जेस यांनी १९९३ साली ऑस्लो येथे तयार केलेल्या सीएफइंजिन या साधनाने घातला. त्यानंतर पपेट (२००५), शेफ (२००९), सॉल्ट (२०११) आणि अ‍ॅन्सिबल (२०१२) ही साधने आली. पपेट व शेफ यांच्या नेहमीच्या रचनेत प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा कार्यक्रम वसतीला असतो. त्याला एजंट किंवा क्लायंट म्हणतात. तो ठरावीक काळाने मध्यवर्ती सर्व्हरकडून आपले वर्णन मागवून घेतो. पपेटमध्ये हा काळ मुळात ३० मिनिटांचा असतो. अ‍ॅन्सिबलला असा एजंट लागत नाही. ते एसएसएच या सुरक्षित जोडणीने सर्व्हरवर जाते, काम करते आणि परतते. ‘अ‍ॅन्सिबल’ हा शब्द अर्सुला के. ले ग्विन यांच्या १९६६ च्या एका विज्ञान कादंबरीतून आलेला असून तो कितीही अंतरावर तत्क्षणी संदेश पोहोचवणाऱ्या काल्पनिक यंत्राचा वाचक आहे. प्रत्यक्षात मात्र नवशिक्यांचे पहिले अडखळणे संदेश न पोहोचण्यातच होते.

या सर्व साधनांमागील समान कल्पना अशी, की ‘काय करावे’ हे न सांगता ‘काय असावे’ हे सांगायचे. अपेक्षित स्थिती आधीच असेल, तर साधन काहीही करत नाही. त्यामुळे तेच वर्णन कितीही वेळा चालवले तरी परिणाम एकच राहतो. या गुणधर्मास आयडेम्पोटन्स म्हणतात. पुढे वर्णन केलेल्या अनेक अडचणी हा गुणधर्म मोडल्याने, किंवा तो नको तेथे पाळला गेल्याने निर्माण होतात.

संपर्कातील दोष

अ‍ॅन्सिबलच्या अहवालात ‘अनरीचेबल’ आणि ‘फेल्ड’ असे दोन वेगळे शेरे असतात. पहिल्याचा अर्थ सर्व्हरपर्यंत पोहोचताच आले नाही आणि दुसऱ्याचा अर्थ पोहोचल्यावर काम बिघडले. पहिला शेरा असेल, तर प्लेबुकमधील कामे तपासण्यात वेळ घालवू नये. ज्या संगणकावरून अ‍ॅन्सिबल चालवले, त्याच संगणकावरून, त्याच वापरकर्त्याच्या नावाने साधी एसएसएच जोडणी करून पाहावी. ती जुळत नसेल, तर दोष नेटवर्कचा, नावाचा किंवा किल्लीचा असतो. खाजगी किल्लीची फाइल इतर वापरकर्त्यांना वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरण्यास नकार देते. फाइलची परवानगी ६०० केल्यावर ही अडचण सुटते.

सर्व्हर पुसून नव्याने उभारला आणि त्याला जुनाच पत्ता दिला, तर त्याची ओळखखूण बदलते. मग एसएसएच मोठ्या अक्षरांत इशारा देऊन जोडणी नाकारते. अशा वेळी नवी ओळखखूण खरी असल्याची खात्री करून जुनी नोंद काढणे हा योग्य उपाय होय. अनेकजण मात्र ओळख पडताळण्याची सोयच कायमची बंद करतात. राखणदार ओरडतो म्हणून त्याला कामावरून काढण्यासारखेच हे आहे. पुढे कोणी तोतया सर्व्हर उभा केला, तर तो ओळखू येणार नाही.

जोडणी झाल्यावरही अ‍ॅन्सिबलची बहुतेक मॉड्यूल समोरच्या सर्व्हरवरील पायथॉनवर अवलंबून असतात. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. जुन्या सर्व्हरवरील पायथॉन नव्या अ‍ॅन्सिबलला चालत नाही, तर काही अगदी लहान लिनक्स प्रतिमांमध्ये पायथॉन मुळीच नसतो. अशा वेळी येणारा संदेश वाचून प्लेबुकमध्येच चूक असल्याचा भास होतो. ‘रॉ’ हे मॉड्यूल पायथॉनविना चालते. ते चालत असेल आणि बाकीची चालत नसतील, तर निदान झालेच.

प्रमाणपत्रे आणि घड्याळ

पपेटचा एजंट मध्यवर्ती सर्व्हरशी ८१४० क्रमांकाच्या पोर्टवरून बोलतो. सॉल्टमध्ये मध्यवर्ती बाजूस ४५०५ व ४५०६ ही पोर्ट उघडी असावी लागतात. पोर्ट उघडी असूनही संवाद होत नसेल, तर ओळखपत्रांकडे वळावे. पपेटमध्ये एजंट आपले प्रमाणपत्र मंजुरीसाठी पाठवतो. तोच सर्व्हर त्याच नावाने पुन्हा उभारला, तर मध्यवर्ती सर्व्हरकडे जुने प्रमाणपत्र राहते आणि नव्याशी ते जुळत नाही. जुने तेथून रद्द करून नवे मंजूर केल्याखेरीज मार्ग मोकळा होत नाही.

घड्याळाचा दोष याहून फसवा असतो. सर्व्हरचे घड्याळ मागे असेल, तर नुकतेच दिलेले प्रमाणपत्र त्याला ‘अद्याप वैध नाही’ असे वाटते. शेफमध्ये प्रत्येक विनंतीवर वेळेसह स्वाक्षरी असते. दोन्ही बाजूंच्या घड्याळांत १५ मिनिटांहून अधिक फरक पडल्यास सर्व्हर विनंती फेटाळतो. ‘परवानगी नाही’ या अर्थाचा ४०१ क्रमांकाचा संदेश पाहून माणूस किल्ल्या बदलत बसतो. किल्ल्यांना हात लावण्यापूर्वी दोन्हीकडील वेळ पाहिल्यास बरेच श्रम वाचतात.

अधिकारांचे प्रश्न

जोडणी एका वापरकर्त्याने आणि काम दुसऱ्याच्या अधिकाराने करण्याच्या सोयीला अ‍ॅन्सिबलमध्ये ‘बिकम’ म्हणतात. सुडोचा पासवर्ड न दिल्याची त्रुटी सहज कळते. परंतु सुडोची वाट पाहून मुदत संपल्याचा संदेश आला, तर पासवर्ड योग्य असूनही काम अडलेले असू शकते. सर्व्हरला स्वतःच्याच नावाचा पत्ता सापडत नसेल, तर सुडो तो शोधत थांबतो. सामान्य वापरकर्त्याने प्रवेश करून दुसऱ्या सामान्य वापरकर्त्याचे, उदाहरणार्थ पोस्टग्रेस डेटाबेसच्या खात्याचे, रूप घेताना आणखी एक अडचण येते. पहिल्याने आणलेली तात्पुरती फाइल दुसऱ्याला वाचता येत नाही. सर्व्हरवर एसीएल हे पॅकेज बसवल्यास ती बहुधा दूर होते.

विंडोजमध्ये लिनक्स चालवून सराव करणाऱ्या विद्यार्थ्यांना भेडसावणारी एक अडचण येथेच नोंदवली पाहिजे. विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवलेला फोल्डर लिनक्सला ‘कोणीही लिहू शकेल असा’ दिसतो. अशा फोल्डरमधील सेटिंगची फाइल अ‍ॅन्सिबल सुरक्षेसाठी विचारात घेत नाही. तसा एक इशारा देऊन पुढे जाते. परिणामी सेटिंग बदलूनही काहीच बदलत नाही. प्रकल्प लिनक्सच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये हलवणे हा उपाय आहे.

यॅमल लेखनातील चुका

अ‍ॅन्सिबल आणि सॉल्ट यांची वर्णने यॅमल या लेखनपद्धतीत असतात. तिच्यात ओळीच्या आरंभीची मोकळी जागा अर्थवाही असते आणि या जागेसाठी टॅब वर्ज्य आहे. अवतरण न मिटल्याची चूक दहाव्या ओळीत असली, तरी तक्रार पंधराव्या ओळीविषयी येऊ शकते.

लेखन शुद्ध असूनही अर्थ बदलण्याचे प्रकार अधिक रंजक, आणि तितकेच महागात पडणारे आहेत. यॅमलच्या १.१ या आवृत्तीनुसार अवतरणचिन्हांविना लिहिलेला ‘नो’ हा शब्द नकार मानला जातो. त्यामुळे देशांच्या यादीत नॉर्वेचे दोन अक्षरी चिन्ह लिहिले, तर यादीत देशाऐवजी ‘असत्य’ हे मूल्य जाते. १.१० हा आवृत्ती क्रमांक दशांश संख्या समजला जाऊन १.१ होतो. फाइलची परवानगी ०६४४ ऐवजी नुसती ६४४ अशी लिहिल्यास तर आणखीच विपरीत घडते. आरंभीचे शून्य नसल्याने ती दशमान संख्या ठरते आणि अष्टमान पद्धतीत तिचे १२०४ होते. या परवानगीनुसार फाइलच्या मालकाला केवळ लिहिता येते, वाचता येत नाही. परक्याला मात्र वाचता येते. साधनाच्या दृष्टीने हे सारे आज्ञेप्रमाणेच झालेले असल्याने त्रुटी दिसत नाही. अशी मूल्ये अवतरणचिन्हांत लिहिणे इष्ट.

चलांची मूल्ये

एकाच चलाला, म्हणजे व्हेरिएबलला, अनेक ठिकाणी मूल्य देता येते. त्यांपैकी कोणते ग्राह्य धरायचे याच्या तब्बल २२ पायऱ्या अ‍ॅन्सिबलच्या अधिकृत दस्तऐवजात दिल्या आहेत. त्या पाठ करण्याची आवश्यकता नाही. आज्ञेसोबत दिलेले मूल्य सर्वांवर मात करते आणि रोलमधील मूळ मूल्य जवळपास सर्वांपुढे नमते, एवढे ध्यानात ठेवून बाकीच्यासाठी त्या सर्व्हरला प्रत्यक्ष कोणते मूल्य मिळाले ते ‘डीबग’ मॉड्यूलने छापून पाहणे श्रेयस्कर. आज्ञेसोबत नाव व बरोबरचे चिन्ह अशा रूपात दिलेले प्रत्येक मूल्य अक्षरमाला मानले जाते. तेथे ‘असत्य’ या अर्थी लिहिलेला ‘फॉल्स’ हा केवळ पाच अक्षरी इंग्रजी शब्द उरतो आणि रिकामा नसलेला शब्द अटीत सत्य ठरू शकतो. अशा ठिकाणी ‘बूल’ हे गाळणे वापरावे.

हँडलर आणि लपलेली जुनी स्थिती

सेटिंगची फाइल बदलली तरच सेवा पुन्हा सुरू करावी, यासाठी ‘हँडलर’ ही योजना आहे. फाइल बदलणारे काम हँडलरला सूचना देते आणि सर्व कामे झाल्यावर शेवटी हँडलर चालतो. आता एखाद्या वेब सर्व्हरची सेटिंग बदलली, सूचना गेली आणि तिसऱ्याच एखाद्या कामात त्रुटी येऊन प्लेबुक थांबले, असे समजावे. हँडलरची पाळी आलीच नाही. संचालकाने ती त्रुटी दुरुस्त करून प्लेबुक पुन्हा चालवले. या खेपेस सेटिंगची फाइल आधीच योग्य असल्याने तिच्यात बदल झाला नाही. बदल नाही म्हणून सूचना नाही, आणि सूचना नाही म्हणून सेवाही पुन्हा सुरू झाली नाही. अहवाल हिरवा दिसतो. फाइलमध्ये नवी सेटिंग आणि स्मृतीत जुनी, अशी दुभंगलेली स्थिती कित्येक आठवडे टिकू शकते. मग कधीतरी सर्व्हर बंद-चालू होतो, नवी सेटिंग प्रथमच लागू होते आणि तिच्यात चूक असेल तर ती त्या दिवशी उघड होते. त्या दिवशी कोणीच काही बदललेले नसल्याने कारण सापडता सापडत नाही.

हा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. सेवा सुरू झाल्याची वेळ आणि फाइल बदलल्याची वेळ ताडून पाहावी. फाइल नंतरची असेल, तर सेवा जुन्या सेटिंगवर चालली असण्याचा संभव असतो. त्रुटी आली तरी हँडलर चालवावेत, असा पर्याय अ‍ॅन्सिबलमध्ये आहे. महत्त्वाच्या टप्प्यानंतर साचलेले हँडलर लगेच चालवण्याचीही सोय आहे.

याच्या उलट, ‘कमांड’ व ‘शेल’ ही मॉड्यूल कोणतीही आज्ञा डोळे झाकून चालवतात आणि प्रत्येक वेळी बदल झाल्याचे नोंदवतात. अमुक फाइल असल्यास आज्ञा चालवू नये, किंवा अमुक परिणाम दिसला तरच बदल मानावा, अशी अट त्यांना जोडावी लागते.

वर्णनातून एखादे पॅकेज वगळले म्हणजे ते सर्व्हरवरून निघाले, हाही एक सार्वत्रिक गैरसमज आहे. न लिहिणे आणि नाकारणे यांत या साधनांच्या व्याकरणात भेद आहे. पॅकेज काढायचे असल्यास ते ‘नसावे’ असे स्पष्ट लिहावे लागते. हाताने केलेल्या बदलांचेही असेच आहे. रात्री घाईने केलेली दुरुस्ती पपेट पुढच्या फेरीत पुसून टाकू शकते. त्यामुळे एजंट तात्पुरता थांबवतात. थांबवताना कारण नोंदवण्याची सोय आहे व ती अवश्य वापरावी, कारण थांबवलेला एजंट पुन्हा सुरू करण्याचे विस्मरण होणे ही नित्याची बाब आहे.

नव्या उबुंटू सर्व्हरवर पॅकेज बसवताना कुलूप लागल्याची त्रुटी येते, ती बहुधा पार्श्वभूमीवर आपोआप चाललेल्या अद्ययावतीकरणामुळे. कुलपाची फाइल पुसू नये. त्याने पॅकेजांची नोंदवही बिघडू शकते. थांबण्याची मुदत वाढवणे पुरेसे असते.

व्याप्ती आणि अर्धवट बदल

एखाद्या सर्व्हरवर काम फसले, तर अ‍ॅन्सिबल त्याला उरलेल्या कामांतून वगळते आणि इतरांचे काम चालू ठेवते. शेवटी काही सर्व्हर नवे, काही जुने, तर काही अर्धवट राहतात. अशा विसंगतीचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो, हे नाइट कॅपिटल या अमेरिकन कंपनीच्या उदाहरणावरून दिसते. तेथे बदल हाताने केला गेला होता व आठपैकी एका सर्व्हरवर नवे सॉफ्टवेअर पोहोचले नव्हते. १ ऑगस्ट २०१२ रोजी सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४० कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. दुसरे टोक अ‍ॅमेझॉनच्या एस३ सेवेत २८ फेब्रुवारी २०१७ रोजी दिसले. ठरलेल्या कार्यपद्धतीतील एका आज्ञेस चुकीचे मूल्य दिल्याने थोड्या सर्व्हरऐवजी बरेच अधिक सर्व्हर काढले गेले आणि सेवा काही तास विस्कळीत झाली.

म्हणून बदल प्रथम एकाच सर्व्हरपुरता मर्यादित ठेवतात, नंतर ‘सीरिअल’ या पर्यायाने लहान गटांत नेतात आणि ठरावीक प्रमाणापलीकडे अपयश आल्यास पुढे जाणे थांबवतात. ‘चेक’ हा पर्याय काहीही न बदलता संभाव्य बदल दाखवतो व ‘डिफ’ फाइलमधील फरक दाखवतो. तथापि चेकमध्ये कमांड व शेलची कामे सामान्यतः वगळली जातात. त्यांच्या उत्तरावर अवलंबून असलेली पुढची कामे त्यामुळे तेथे फसतात. प्रत्यक्षात ती निर्दोष असू शकतात.

तपशीलवार अहवालासाठी ‘व्ही’ हे अक्षर तीनदा देण्याचा प्रघात आहे. या अहवालात पासवर्डही छापले जाऊ शकतात. ते लपवण्यासाठी कामाला ‘नो लॉग’ ही खूण लावतात, पण मग त्या कामाची त्रुटीही लपते. ती पाहण्यासाठी खूण तात्पुरती काढली, तर चाचणीचा पासवर्ड वापरावा, मिळालेला अहवाल कोणास पाठवण्यापूर्वी वाचून घ्यावा आणि काम संपताच खूण पुन्हा लावावी.